आण्णांचे शाईमासे

गप्पी मासा म्हटलं की आमच्याकडच्या माणसाला आरोग्य केंद्र आठवतं. पावसाळा तोंडावर आला की तिथले कर्मचारी प्लॅस्टिकच्या पिशवीतून बोटाच्या पेराएवढे मातकट मासे आणतात, दारातल्या हौदात सोडतात, हे डासांच्या अळ्या खातील म्हणून सांगतात आणि भिंतीवर खडूने तारीख घालून पुढच्या घराकडे जातात. त्या माशांवर माझा राग नाही. बिचारे आपलं काम चोख करतात. पण माझ्या माहेराशी माझं जे काही आज झालं आहे, त्यात त्यांचा वाटा आहे. हे कुणाला सांगितलं की लोक हसतात. हसू देत.

माझे वडील, म्हणजे आण्णा, कराडला शाळेत चित्रकला शिकवायचे. गच्चीवर पत्र्याच्या शेडखाली त्यांच्या काचेच्या टाक्या होत्या. स्वतः सिलिकॉन लावून चिकटवलेल्या, खाली थर्माकोल घालून लोखंडी मांडणीवर ओळीने ठेवलेल्या. त्यांत फक्त गप्पी. हौदातल्या गप्पीचेच हे सगेसोयरे, पण दिसायला राजाघरचे. नराचं अंग फिकट चंदेरी आणि शेपूट पंख्यासारखी पसरलेली, गर्द निळी, एकही ठिपका नसलेली. आण्णांच्या टेबलावरच्या दौतीतल्या शाईचा रंग आणि त्या शेपटीचा रंग एकच, म्हणून घरात आम्ही त्यांना शाईमासे म्हणायचो. ही जात त्यांनी विकत आणली नव्हती. दुकानातले सरमिसळ मासे आणून, त्यांच्या पिल्लांतून निवडत, पुन्हा त्यांच्या पिल्लांतून निवडत त्यांनी ती घडवली होती. माझी शाळा, कॉलेज, लग्न, माझ्या मुलीचं बारसं हे सगळं त्या काळात उरकलं, इतका तो काळ मोठा होता.

गप्पी अंडी घालत नाही, थेट पिल्लं घालते. महिन्याभराने घालते आणि भूक लागली तर स्वतःचीच खाते. म्हणून पोटुशी मादी वेगळी काढायची, टाकीत शेवाळाचा गुंता सोडायचा, पिल्लांना लपायला जागा ठेवायची. पिल्लं जरा मोठी झाली की पोटाखालचा पर बघायचा. तो सुईसारखा निमुळता होऊ लागला की तो नर. त्याला त्याच दिवशी उचलून दुसऱ्या टाकीत टाकायचं. ह्यात आळस केला की संपलं, कारण मादीचा एकदा नराशी संग झाला की ती त्याचं बीज महिनोन् महिने पोटात धरून ठेवते. नर मरून गेला तरी त्याची पिल्लं घालत राहते. त्यामुळे माद्यांच्या टाकीत एक उपरा नर तासभर जरी गेला तरी त्या टाकीतली एकही मादी पुन्हा भरवशाची राहत नाही. आई त्या माद्यांच्या टाकीला पोरींचं होस्टेल म्हणायची. "आवं, रेक्टरसाहेब, जेवायला या," असं खालून ओरडायची.

हे नर-मादी निवडायचं काम मी करायचे. फ्रॉक घालायच्या वयापासून. आण्णांना जवळचं दिसेनासं झालं तेव्हा तर मी बाळंतपणाला माहेरी गेले होते तरी गच्चीवर चढून निवडायचे. भाऊ माझ्याहून धाकटा. त्याला माशांचं काही नव्हतं. तो क्रिकेट खेळायचा, मग त्याने बसस्टँडजवळ इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान टाकलं, ते चांगलं चालवलं. माणूस वाईट नाही. मी हे पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कारण तो वाईट असता तर मला हे लिहायला लागलं नसतं. दोन शिव्या घातल्या असत्या आणि मोकळी झाले असते.

आण्णा एक गोष्ट सतत सांगायचे. जात एका घरात ठेवू नये. वीज जाते, पंप बंद पडतो, पाण्यात औषध जास्त पडतं आणि एका रात्रीत सगळं जातं. दोन घरांत ठेवावी, म्हणजे एकीकडचं गेलं तर दुसरीकडून आणता येतं. "तू सांगलीला, तुझ्या सासरी जागा कर," म्हणायचे. मी मिरजेला एका हॉस्पिटलच्या औषध दुकानात कामाला, सकाळी जाते ती संध्याकाळी येते. करते करते म्हणत राहिले. मग एका हिवाळ्यात आण्णा गेले. आई त्याच्या आधीच गेली होती.

दिवसकार्य झालं आणि महिन्याभरात भावाचा फोन आला. वर मजला चढवायचा होता, बँकेचं कर्ज हवं होतं आणि बँकेला घराच्या कागदावर एकच नाव हवं होतं. "आक्का, सही करायला यावं लागतंय बघ," म्हणाला. हक्कसोड म्हणतात त्याला. आमच्याकडे लेकीबाळी ही सही करतात. करतात म्हणजे काय, कुणी विचारतच नाही करणार का म्हणून. कधी येतेस एवढंच विचारतात. माझ्या आत्यांनी आण्णांसाठी केली होती, माझ्या नणंदांनी माझ्या नवऱ्यासाठी केली होती. मी गेले. कचेरीत फोटो काढला, अंगठा टेकवला, साहेबाने विचारलं, "स्वखुशीने करताय ना?" मी हो म्हटलं. घर मला हवं होतं का? प्रामाणिकपणे सांगते, विचारच केला नव्हता. सही केली आणि जिना उतरले.

बाहेर आल्यावर मी भावाला म्हटलं, "मला आण्णांचे मासे पाहिजेत." तो लगेच म्हणाला, "आगं, ने की सगळं! ती तुझीच हायत. मी कालच भरून ठेवलंय."

घरी जेवण होतं. सही करून आलेल्या बहिणीला गोड जेवण आणि साडी-चोळी, अशी आमच्याकडची रीत. भावजयीने श्रीखंड केलं होतं, ओटी भरली, हिरवी साडी दिली. चुलते बसले होते, ते म्हणाले, "पोरगी लय मोठ्या मनाची." मी पाया पडले. मग भाऊ मला अंगणात घेऊन गेला आणि अभिमानाने दुधाच्या कॅनचं झाकण उघडलं.

आत सगळे मासे होते. नर, माद्या, पिल्लं, म्हातारे. पोरींचं होस्टेल आणि पोरांचं होस्टेल एकाच कॅनमध्ये. आणि त्यात मातकट मासेही होते, भरपूर.

"हे कुठले?" मी विचारलं.

"हौदातले. हौद फोडायचा हाय न्हवं, म्हणलं ते तरी कशाला ठेवायचं? आण्णांचंच हायत ते बी. एकबी ठेवला न्हाई बघ, आक्का. सगळं तुला."

तो घामाने भिजला होता. आदल्या दिवशी दुकान बंद ठेवून त्याने एकट्याने सगळ्या टाक्या उपसल्या होत्या, एकही पिल्लू मरू दिलं नव्हतं, हौदात उतरून जाळीने शेवटचा मासा काढला होता. कॅनच्या झाकणाला हवेसाठी भोकं पाडली होती. एवढ्या मायेने माझं एवढं नुकसान कुणी केलं नसेल.

मी काय म्हणायला हवं होतं? तो कॅन तसाच त्याच्या अंगणात उपडा करायला हवा होता. मी म्हटलं, "बरं झालं." नवऱ्याने कॅन गाडीत ठेवला आणि आम्ही सांगलीला आलो. वाटेभर मी त्या झाकणावर हात ठेवून बसले होते. आत पाणी डचमळत होतं आणि मला माहीत होतं की आत काय चाललं आहे. गप्पीच्या नराला मुहूर्त लागत नाही.

नवरा समजूत घालायला लागला. "अगं, घरी गेल्यावर वेगळे करू." त्याला मी सांगितलं, वेगळे करायची वेळ काल गेली.

पुढची वर्षं मी गॅलरीत काढली. विश्रामबागेतल्या आमच्या फ्लॅटची गॅलरी लहान, कपडे वाळत घालायची पंचाईत झाली, सासूबाईंनी तोंड वाजवलं. मी ऐकून घेतलं आणि टाक्या लावल्या. निळे नर ओळखू येत होते, ते बाजूला काढले. प्रश्न माद्यांचा होता. मादी दिसायला फिकी, तिच्या पोटात कुणाचं काय आहे ते पिल्लं मोठी होऊन रंग धरेपर्यंत कळत नाही. मग एकेक मादी एकेका टाकीत, तिच्याबरोबर निळा नर. पिल्लं झाली की वाढवायची आणि वाट बघायची. कामावरून आले की पर्ससुद्धा न ठेवता आधी गॅलरीत. अंड्याचा बलक कापडात बांधून त्यांना चारायचा, कॉलनीतल्या बदामाची वाळकी पानं आणून पाण्यात घालायची, आण्णा घालायचे तशी.

पिल्लं मातकट निघायची. कधी निळ्यावर काळे ठिपके, कधी शेपूट निळी पण हौदातल्या माशासारखी आखूड. चार निळी निघाली तर दोन मातकट, म्हणजे ती मादी बाद, तिच्या लेकी बाद. आण्णांच्या हातचे नर म्हातारे होऊन मरायला लागले. एक नर मेला की माझा जीव खाली-वर व्हायचा, आणि हे सांगायचं कुणाला? दुकानात माझ्याबरोबर काम करणाऱ्या बाईंना एकदा सांगायला गेले. त्या म्हणाल्या, "मिरजेत मिळतात की छान छान, लाल, पिवळे, जोडीने." मी पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

भाऊ दर भाऊबीजेला यायचा. कधी चुकला नाही. गॅलरीत डोकावून मातकट माशांच्या टाकीपुढे उभा राहायचा आणि म्हणायचा, "आण्णांचंच मासं की! अगदी तसंच हायत." मी म्हणायचे, "हात धू, ताट वाढलंय." बापाने हयात घालवून जे केलं आणि आरोग्य केंद्रवाले जे फुकट वाटतात, त्यांतला फरक त्याला दिसत नव्हता. ज्याला फरक दिसत नाही त्याच्यावर चिडायचं तरी कसं? तरी मी चिडायचे. पुरणपोळी वाढता वाढता चिडायचे.

मागच्या वर्षी गणपतीत एका मादीने पिल्लं घातली. मी कामावर होते, तिने बहुतेक खाल्ली. जी थोडी शेवाळात लपून वाचली, ती दिवाळीच्या तोंडावर रंगावर आली तेव्हा सगळी नर निघाली, आणि सगळी निळी. गर्द, ठिपका नाही, पंख्यासारखी शेपूट. मी काचेला नाक लावून बसले आणि रडले. नवरा म्हणाला, "झालं ना आता?" झालं नव्हतं. नर होते, पण खात्रीची मादी एकच, ही आई. मधल्या खेपेची पिल्लं तिने सगळी खाऊन टाकली होती, आता ती पुन्हा पोटुशी होती. तिने लेकी घातल्या की जात उभी राहिली. ती मेली तर पुन्हा पहिल्यापासून सगळं, आणि आता पहिल्यापासून करायला आण्णांच्या हातचा एकही मासा उरला नव्हता.

भाऊबीजेला भाऊ आला. ओवाळून झालं, साडी दिली, जेवला. इतकी वर्षं रखडलेल्या नवीन मजल्याची वास्तुशांत आठवड्यावर आली होती, त्याचं आमंत्रण देत होता. "हॉलमधी मोठी टाकी बसवलीया, आक्का. लाइट बीट लावून. गुरुजी म्हणले, ईशान्येला पाणी ठेवा, आन् त्यात मासं सोडा, पर जोडी सोडा. म्हणलं दुकानातली कशाला? आण्णांचं मासं आण्णांच्या घरात नकोत व्हय?"

आण्णांच्या घरात. हे त्याने अगदी सहज म्हटलं.

तो गॅलरीत गेला. ह्या खेपेला त्याला बरोबर दिसलं. मातकट टाकीपुढे तो थांबला नाही. कडेच्या लहान टाकीत ती पोटुशी मादी आणि एक निळा नर होता, तिथे वाकला. "ही दे. भरलेली हाय, वास्तूत पिल्लं घातली तर लय चांगलं."

मी म्हटलं, "नर हवे तेवढे ने. मादी दुसऱ्या टाकीतली देते."

"ह्या टाकीतली का नगं?"

मी त्याला सांगितलं. कॅनचं सांगितलं, हौदातल्या माशांचं सांगितलं, एवढी वर्षं मी काय करत होते ते सांगितलं. त्याने ऐकलं. खरंच ऐकलं. मग म्हणाला, "म्हंजे माझं चुकलं म्हणतीस."

"तसं नाही. तीन महिने थांब. हिची पिल्लं मोठी झाली की मी स्वतः घेऊन येते, टाकी भरून देते."

"वास्तुशांत काय तीन म्हैन्यांनी ठिवू? आगं, मासं तर हायत. परत घालतील पिल्लं." आणि त्याने खुंटीवरची जाळी काढली.

त्याला मी दुसऱ्या टाकीतली एखादी पोटुशी मादी त्याच्या नकळत देऊ शकले असते. त्याला आयुष्यात कळलं नसतं. पण माझ्या डोक्यात भलतंच चढलं होतं. मला त्याला नाही म्हणायचं होतं, तोंडावर, मराठीत, त्याला समजेल असं. मी टाकीच्या झाकणावर हात ठेवला आणि म्हटलं, "न्हाई. ही देणार न्हाई."

त्याने जाळी जागेवर अडकवली. चहा न घेता गेला. जाताना नवऱ्याच्या पाया पडला, माझ्या पडला नाही.

वास्तुशांतीला मी गेले. गेले नसते तर आणखी बोलणी झाली असती. हॉल छान झाला आहे. जिथे आण्णांची मांडणी होती त्या जागी आता वरच्या मजल्याची बाल्कनी आहे. ईशान्येच्या कोपऱ्यात ती मोठी टाकी होती. निळा दिवा लावलेला, खाली रंगीत खडे, पाणी स्वच्छ, पंप चालू, बुडबुडे येत होते. मासा एकही नव्हता. येणारा प्रत्येक पाहुणा विचारायचा, मासं कुठं हायत? आणि भाऊ सांगायचा, "आण्णांचं येणार हुतं." एवढंच. माझं नाव घेतलं नाही त्याने. मग ते पाहुणे माझ्याकडे बघायचे. ज्या चुलत्यांनी मला मोठ्या मनाची म्हटलं होतं, ते जेवताना म्हणाले, "भावाला दोन मासं सुटंनात व्हय गं तुला?"

मी पानातलं कसंबसं संपवलं आणि निघाले. भावजय स्टँडपर्यंत सोडायला आली. ती गरीब आहे, तिला दोघांकडचं वाईट वाटत होतं. गाडी लागली तेव्हा तिने माझा हात धरला आणि हळूच म्हणाली, "आक्का, मनावर घिऊ नगासा. ह्यांला लय लागलंय. काल रडलं. म्हणत हुतं, आक्कानं घर मागितलं असतं तर निम्मं दिलं असतं मी, आन् तिला दोन मासं देववंनात."

मी गाडीत बसले. इस्लामपूर येईपर्यंत मी मनात त्याला वाट्टेल ते बोलले. आता म्हणतोय, तेव्हा का नाही म्हणाला? मग पुढे शांत झाले आणि माझ्या लक्षात आलं की तो खरं बोलतो आहे. त्याने दिलं असतं. मी कचेरीच्या जिन्यावर थांबून म्हटलं असतं की मला गच्ची राहू दे, टाक्या राहू देत, माझं नाव राहू दे, तर तो गोंधळला असता, बँकेला शिव्या घातल्या असत्या आणि दिलं असतं. ह्याचंच मला सगळ्यांत वाईट वाटतं. त्याने हिसकावून घेतलं असतं तर बरं झालं असतं.

त्या मादीने नंतर पिल्लं घातली. ह्या खेपेला मी रजा काढून घरी होते, एकही खाऊ दिलं नाही. लेकी पुष्कळ निघाल्या. आता दोन टाक्या भरून शाईमासे आहेत, आण्णांच्या वेळचे होते तसेच, किंबहुना शेपूट थोडी रुंदच. मी भावाला फोन केला की टाकी भरून घेऊन येते. म्हणाला, "नगं आक्का. टाकी काढली. तिथं शोकेस केलंय."

यंदाच्या भाऊबीजेला तो आला नाही. आण्णा सांगायचे, जात दोन घरांत ठेवावी. दुसरं घर मला अजून मिळालेलं नाही.